कात्री

मी संकलक आहे. शॉट सुरू झाला की तो कुठे तोडायचा याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. घरी सिनेमा बघतानाही बोटं मांडीवर कट मोजत असतात. डेरेक जार्मनचा ‘द अँजेलिक कॉन्व्हर्सेशन’ (१९८५) पहिल्यांदा लावला तेव्हा सुरुवातीला नुसती चिडचिड झाली. खिडकीशी एक तरुण मान वळवतो, आणि ती मान वळता वळत नाही. ठेचकाळत, थबकत, एकेका फ्रेमपाशी रेंगाळत वळते. तेवढ्यात माझे तीन कट घेऊन झाले असते.

एरवी सेकंदाला २४ फ्रेम लागतात. जार्मनने सुपर ८ कॅमेऱ्यावर जेमतेम ३ ते ६ घेतल्या, ती फिल्म संथ गतीने पडद्यावर चालवली आणि पुन्हा व्हिडिओवर टिपली. स्लो मोशनमध्ये फ्रेम जास्त असतात, म्हणून हालचाल लोण्यासारखी सरकते. इथे फ्रेमच कमी. हालचाल तुटते आणि त्या फटीतून माणूस दिसतो. पापणी मिटली तर मिटलेलीच राहते क्षणभर. संवाद नाहीत, फक्त जुडी डेंचच्या आवाजात शेक्सपिअरची १४ सुनीतं. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या निवांतपणे मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. चिडचिड कधी विरली, कळलंच नाही.

मग ‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ (१९८७). इथे उलटा झपाटा. डिस्कोच्या प्रसंगातले कट मोजायला बसलो आणि सोडून दिलं. १९८६च्या डिसेंबरात जार्मनला एचआयव्हीचं निदान झालं होतं. सिनेमाभर ती घाई, तो संताप जाणवतो. लंडनच्या ओसाड गोद्या, आगी, आणि मधूनच त्याच्याच घरातल्या जुन्या होम मूव्हीज. शेवटाकडे टिल्डा स्विंटन लग्नाचा पांढरा झगा अंगावर असतानाच कात्रीने कापत सुटते. कापड घट्ट आहे, कात्री अडते, ती फाडते, वाऱ्यात गिरक्या घेते. कात्री तर माझंही हत्यार. पण आपल्या कापण्याने कुणाला इतकं दुखावं, असा विचार मी त्याआधी केलाच नव्हता.

गेल्या महिन्यात एका माहितीपटात आजीबाई लुगड्याची घडी घालतात, असा शॉट होता. दोनदा तोडला, दोनदा जोडला. शेवटी सगळा ठेवला. घडी चुकली म्हणून त्या ती मोडतात आणि पुन्हा घालतात, तो भागसुद्धा.