जोडवर्गातला मुलगा

पाटण तालुक्यातील एका डोंगरगावच्या द्विशिक्षकी शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा तेथील रिवाज असा होता की पहिली व तिसरी मुख्याध्यापकांनी घ्यावी आणि दुसरी व चौथी यांचा जोडवर्ग सहशिक्षकाने सांभाळावा. त्यामुळे माझा स्वतःचा मुलगा वर्षाआड माझ्यासमोर विद्यार्थी म्हणून येऊन बसणार, हे ठरलेलेच होते. दुसरी शाळा जवळपास नव्हती.

ज्या गावात गुरुजींच्या शब्दावर लोक निःशंक मनाने दस्तावर अंगठा उठवीत, तेथे गुरुजींच्या निःपक्षपाताविषयी तिळमात्र संशय उत्पन्न होणे शाळेला घातक ठरले असते; म्हणून तो चौथीत आला तेव्हा त्याच्या उत्तरपत्रिका मी मुख्याध्यापकांकडून तपासून घेई, आणि प्रश्न विचारताच त्याचा हात सर्वांआधी वर गेला तरी माझी दृष्टी मागच्या बसकरपट्टीवर अंग चोरून बसलेल्या, गुरे राखून आलेल्या मुलांकडे वळे. एका रात्री जेवताना त्याने विचारले, "अण्णा, मला येत असलं तरी तुम्ही मला का विचारत नाही?" मी म्हणालो, "ज्यांना घरी विचारणारं कुणी नाही, त्यांना शाळेतच विचारायला हवं." ते उत्तर मला आजही यथार्थ वाटते. परंतु नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या बापाने आपल्याकडे पाहावे असे वाटणे हेही तितकेच यथार्थ होते, आणि माझ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, हे त्याने भाकरीचा उरलेला तुकडा मुकाट्याने संपविला त्यावरूनच दिसत होते.

घरी तरी विचारणारा कोठे होता? १९७१ च्या मार्चमध्ये आरंभी लोकसभेची निवडणूक आली आणि ती उरकते न उरकते तोच खानेसुमारीचे काम सुरू झाले. तालुका कचेरीचे हुकूम हाती पडत, वाड्यावस्त्या पायांखाली घालाव्या लागत, आणि वार्षिक परीक्षा तर तोंडावर येऊन ठेपलेली असे. दिवसभर इतरांच्या मुलांपुढे जी सहनशीलता प्रयत्नपूर्वक जतन करावी, ती दिवेलागणीपर्यंत सरून जाई, आणि त्रैराशिकाचे एखादे गणित दुसऱ्यांदा समजावून देताना स्वर चढू लागे. शिक्षकाला अध्यापनेतर कामांना जुंपताना त्याच्या घरातील अभ्यासाचा हिशेब कोणत्याच दप्तरी मांडला जात नाही, याचे मला तीव्र दुःख होई.

यातून मार्ग काढला तो मुख्याध्यापकांच्या पत्नीने. त्यांचीही मुलगी वडिलांच्याच वर्गात, तिसरीत होती व घरी त्यांच्यासमोर पाढे म्हणताना अडखळे. "तुमचा आमच्याकडे पाठवा, आमची तुमच्याकडे येईल," असे त्या माउलीने सुचविले आणि तेव्हापासून सायंकाळी ही अदलाबदल सुरू झाली. परक्याच्या लेकराला चौथ्यांदा समजावतानाही माझा स्वर चढत नसे, आणि माझा मुलगा त्यांच्या ओसरीवर मनमोकळा प्रश्न विचारतो, असे कळे. अशी सोय प्रत्येक शिक्षकाला लाभत नाही. जेथे दोघेही पतिपत्नी शिक्षक असून निरनिराळ्या गावी नेमलेले असतात, तेथे तर मूल आजोळीच वाढते.

जूनमध्ये तो पाचवीसाठी तालुक्याच्या गावी गेला. शनिवारी घरी आला की गणिताची वही तो आपण होऊन माझ्यापुढे टाकी, आणि तेथल्या गुरुजींची रीत बरोबर की माझी, यावरून आमचा रात्री उशिरापर्यंत कडाक्याचा वाद चाले.