गुमटी, गोळ्यांची बरणी आणि शंभर यार्ड

लखनौ महापालिकेने २०२१ साली तंबाखू विकायला परवाना सक्तीचा केला. गुमटीला, म्हणजे आपल्या पानटपरीला, २०० रुपये. पक्क्या दुकानाला १०००. घाऊक व्यापाऱ्याला ५०००. विनापरवाना विकताना पहिल्यांदा सापडलं तर २००० रुपये दंड आणि माल जप्त.

मला हा नियम मनापासून पटतो, पण दंडाच्या रकमेसाठी नाही. केंद्राचा सिगारेट-तंबाखूचा कायदा २००३चा. अल्पवयीन मुलाला विकलं, शाळेजवळ विकलं, तरी त्यात दंड जास्तीत जास्त २०० रुपये. पावती फाटली की दुकानदार संध्याकाळपर्यंत तेवढे भरून काढतो. परवाना गेला तर धंदाच बसतो. शिवाय कुठल्या गल्लीत किती दुकानं तंबाखू विकतात, हे परवान्यामुळे दप्तरात येतं. त्यातली शाळेसमोरची किती, असं मग कुणीही नागरिक विचारू शकतो.

*

परवान्याची सगळ्यात मोलाची अट गोळ्या-बिस्किटांची आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं होतं : तंबाखूच्या दुकानांना स्थानिक संस्थेचा परवाना लावा, आणि तिथे टॉफी, चिप्स, बिस्किटं, शीतपेयं असं मुलांना ओढणारं काही विकू देऊ नका.

ही अट का हवी, ते गुमटीपुढे दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. लखनौतल्या निशातगंजच्या बाजूला एकीपुढे उभा होतो. पुड्यांच्या माळा वरच्या दांडीवरून लोंबत होत्या, मोठ्या माणसाच्या कपाळाशी. खाली फळीवर बरण्या : संत्र्याच्या गोळ्या, इमलीच्या गोळ्या, वेष्टनातली चॉकलेटं. फळी बरोबर सात-आठ वर्षांच्या पोराच्या नाकासमोर. गोळी मागायला त्याने मान वर केली की समोर माळाच. दुकानदाराने एका हाताने त्याला गोळी दिली आणि दुसऱ्या हाताने मागच्या गिऱ्हाइकाला माळेतली पुडी तोडून दिली. त्या गिऱ्हाइकाचे दोन रुपये परत द्यायचे होते, सुट्टे नव्हते, म्हणून त्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. त्याने त्या खिशात टाकल्या, बहुधा घरच्या लेकरासाठी.

गोळ्या काढल्या तर गुमटीवाल्याची मिळकत घटणार, हे खरंच आहे. तो काही श्रीमंत माणूस नाही. म्हणून महापालिकेने याची दुसरी बाजूही सांभाळावी : जो तंबाखू सोडून गोळ्या-बिस्किटं, चहा, भाजी ठेवेल, त्याला काही वर्षं जागेचं भाडं माफ. नुसती अट घातली तर बरणी फळीखाली जाईल, एवढंच.

*

“जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये.” आजोबांसाठी, काकांसाठी हे काम आपल्यापैकी कितीजणांनी केलं असेल! सोलापुरात, नागपुरात, लखनौच्या चौकातही. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाल न्याय कायद्याचं, २०१५चं, कलम ७७ मात्र सांगतं की डॉक्टरच्या आदेशाशिवाय मुलाच्या हाती तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच कृत्याला २००३च्या कायद्यात २०० रुपये. सात वर्षांचं कलम लावायला पोलिसाचा हात धजत नाही, आणि २०० रुपयांना कुणी भीत नाही. मधली जागा रिकामी होती. परवाना तिथे बसतो.

२०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत उत्तर प्रदेशातली ३५.५ टक्के प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. महाराष्ट्रात २६.६ टक्के. पुडी आणायला जाणारी मुलं या घरांतली.

*

२००३च्या कायद्यातलं ‘शाळेजवळ’ म्हणजे शंभर यार्डांच्या आत : ९१ मीटर आणि वर थोडं. शाळा-कॉलेजच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी मोजायचे, फाटकापासून नव्हे. विष्णू नारायण भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत सुरू केलेलं, कैसरबागेतलं संगीत विद्यालय आज विद्यापीठ आहे, म्हणजे तेही या नियमात आलं. कैसरबागेसारख्या दाट वस्तीत एका संस्थेचं वर्तुळ संपेपर्यंत दुसरीचं सुरू होतं. नियम काटेकोर पाळला तर जुन्या लखनौत तंबाखूला जागा शोधावी लागेल. शोधावी लागू दे.

*

मार्च २०१७ : मुख्यमंत्री योगी आदित्यनाथांनी सचिवालयाच्या इमारतीत पानाच्या पिंकांचे डाग पाहिले आणि सरकारी कार्यालयांत पान, गुटखा बंद केला. मार्च २०२५ : विधानसभेतच कुणीतरी थुंकलं. अध्यक्ष सतीश महाना यांनी जागा साफ करून घेतली आणि विधानभवनात पान मसाला बंद करून हजार रुपये दंड लावला. मधे आठ वर्षं. नुसत्या बंदीने पुडी गेली नाही.

*

खरी चलाखी पुडीत आहे. महाराष्ट्रात गुटखा जुलै २०१२ मध्ये बंद झाला, उत्तर प्रदेशात १ एप्रिल २०१३ पासून. कारखानदारांनी गुटखा दोन पुड्यांत वाटला : एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही एकाच दुकानात, शेजारी शेजारी. तोंडात गेल्या की पुन्हा गुटखा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ही पळवाट ओळखून राज्यांना बंदी नीट राबवायला सांगितलं. उत्तर प्रदेशने १ जून २०२४ पासून एकाच दुकानात दोन्ही विकायला मनाई केली.

आदेश चांगला आहे. पण जुळ्या पुड्या बांधतो कारखाना, आणि पकडला जातो चार फुटांच्या डब्यात मांडी घालून बसलेला माणूस. मला याचा राग येतो.

*

वेपची गोष्ट वेगळी. २०१९च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा सगळंच बंद केलं. विकताना पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. इथे महापालिकेच्या परवान्याचा प्रश्नच उरत नाही. मूळ धरण्याआधी उपटलं, हे योग्यच झालं. मात्र ही वस्तू माळेसारखी लोंबत नाही, पेनासारखी दप्तरात मावते. तिच्यावर नजर ठेवायची तर दुकानदाराआधी शिक्षकाला आणि पालकाला ती कशी दिसते ते दाखवायला हवं.

*

जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने २००३च्या कायद्यात बदल करणारा मसुदा लोकांपुढे ठेवला. विक्रीचं वय १८ वरून २१, सुटी सिगारेट बंद, दंड वाढवलेले. सुट्या विक्रीची बंदी महाराष्ट्राने त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये केली होती, कारण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचं कर्करोगाचं चित्र दिसतच नाही. तो मसुदा कायदा झाला असता तर लखनौच्या परवान्यामागे दिल्लीचं बळ उभं राहिलं असतं. पण तो मसुदाच राहिला, आणि गुमटीवरचा केंद्राचा दंड २०० रुपयेच.