काळे ओढे

रविवार. दुपारभर ४७ एफ/५ हा नकाशा पसरून बसलो. सर्वेक्षण विभागाच्या या जुन्या शीटवर कर्जत, खालापूर, माथेरान एकत्र येतात. त्रिकोणात टिंब म्हणजे त्रिकोणमितीय मोजणीचं ठाणं, तपकिरी रेषा समान उंचीच्या. एवढं पटकन उलगडतं. रेंगाळलो ते ओढ्यांवर. काही निळे, बरेचसे काळे. काळी रेघ म्हणजे पावसाळा सरला की आटणारा ओढा. काठाशी बारीक ‘३आर’ दिसलं, तर ती समुद्रसपाटीपासूनची नव्हे, लगतच्या जमिनीपासूनची उंची.

इतका धो धो पाऊस आणि इतक्या काळ्या रेघा! उतार तीव्र, खाली काळा कातळ, पाणी मुरणार कुठे? एप्रिलमध्ये ठाकरवाड्यांतल्या बायका याच पात्रांत डवरे, म्हणजे पाण्यासाठी खड्डे, उकरतात, वाटीवाटीनं हंडा भरतात. तो तासाभराचा खोळंबा नकाशात एका रंगात मावलाय, याचं फार वाईट वाटतं.

पाताळगंगा नदीला मात्र उन्हाळ्यातही पाणी. खोपोलीच्या टाटा वीजघरातून १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी तिच्यात उतरतं. म्हणजे निळ्या रंगामागे नुसता पाऊस नाही, लोणावळ्याकडच्या भिंतीही आहेत.

उद्या ट्रेसिंग पेपरवर फक्त काळे ओढे आणि वाड्या उतरवून घेईन. पाण्याचे टँकर जातात त्या वाड्यांच्या यादीशी ताडून बघायचंय.