सांगलीचं खेचर

सांगलीला काकांकडे विंडोज, एटोबिकोत माझ्याकडे लिनक्स. मधे आजीच्या ओव्या. आजी गेलेली, कॅसेटींना बुरशी धरू लागलेली, म्हणून काकांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. २००५ सालची गोष्ट. ईमेलला एवढं ओझं झेपत नसे आणि तिकडे लोडशेडिंग.

काका ‘ईम्यूल’ वापरायचे. म्यूल म्हणजे खेचर! हा प्रोग्रॅम २००२ मध्ये निघाला, विंडोजसाठीच, पण कोड सर्वांना खुला. फाइलचे ९.२८ एमबीचे भाग पाडून पाठवायचा. वीज गेली तरी राहिलं तिथून पुढे सुरू.

लिनक्सवर मात्र तो चालेना. त्याच्या खिडक्या, बटणं सगळं मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएफसी’वर उभं. हौशी मंडळींनी ते काढून ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’वर नव्याने उभारलं. आधी ‘एलम्यूल’, मग फाटाफूट होऊन ‘एक्सम्यूल’, पुन्हा फाटाफूट आणि २००३ मध्ये ‘एम्यूल’. (आपल्या महाराष्ट्र मंडळांची आठवण येते ना?) मी हाच घेतला.

अशा स्थलांतरात बारीकसारीक गोष्टीच जास्त छळतात. इंग्रजी नावातलं मोठं आणि लहान अक्षर विंडोजला सारखंच, लिनक्सला दोन वेगळ्या फाइली. आजीच्या ओव्यांना तो त्रास नव्हता. काकांनी नावं देवनागरीत दिली होती, आणि आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरच नाही.

पहिली फाइल पूर्ण यायला चार रात्री लागल्या. लावली, तर आधी नुसती जात्याची घरघर. लेक धावत आली, “बाबा, कॉम्प्युटर बिघडला?”