गेट-टुगेदरचं बोलावणं

ऑफिसच्या कामात मी दिवसातून पाच-सहा वेळा लोकांना 'भेटतो'. सकाळी स्टँडअप (उभं कोणीच नसतं), अकराला सिंक, दुपारी क्लायंटचा कॉल, आणि संध्याकाळी मॅनेजरचं 'क्विक कॅचअप', जे आजवर कधी लवकर संपलेलं नाही. या सगळ्या भेटीगाठींत मी कोसाडच्या घरातल्या खुर्चीवरून उठतसुद्धा नाही.

एकत्र येण्यासाठी इंग्रजीत शब्द भरपूर. आपण ते घेतले आणि प्रत्येकाला आपल्या सोयीचं काम नेमून दिलं. इंग्रज चार माणसं जमली तरी गॅदरिंग म्हणेल. आपल्याकडे स्टेजवर नाच आणि अर्धवट पाठ झालेलं नाटक असल्याशिवाय ते गॅदरिंग नाही. मीटिंग सोसायटीची, म्हणजे भांडण. फंक्शन म्हणजे जिथे जेवण आहे ते. मी नोकरीला लागलो तेव्हा आजीला कौतुकाने सांगितलं होतं, आज दहा फंक्शनं लिहिली. तिला वाटलं, नातवाला पत्रिका लिहायचं काम मिळालंय.

आणि गेट-टुगेदर. हा शब्द मला फार पोकळ वाटायचा. आपल्याकडे बारसं, डोहाळजेवण, हळदी-कुंकू म्हटलं की कोणाकडे, कशासाठी आणि बोलवायला कोण आलं होतं, हे सगळं आपोआप कळतं. गेट-टुगेदरला कारण नसतं, यजमान नसतो. व्हॉट्सॲपवर वेळ आणि लोकेशन पडलं की झालं. आमच्या घरात 'बोलावणं नाही, मग जायचं कसं' हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

आमच्या घराचं एकत्र येणं म्हणजे कानबाई. आपल्यातले बरेच जण खानदेशातले, त्यांना सांगायला नको. पण इथेच जन्मलेल्या मुलांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्र जागवतात आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. तिचे रोट भाऊबंदांनी मिळून खायचे. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गव्हाच्या मुठी मोजून घेतात. ज्याची मूठ त्या गव्हात, तो आपला.

इंग्रजीतला कंपनी हा शब्दही मुळात हाच आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एका भाकरीचे ते कंपनी. मी ज्या कंपनीत नोकरी करतो तिथे दुपारी प्रत्येक जण आपापला डबा स्क्रीनसमोर खातो, ते सोडा.

तर आमचे रोट वेगळे झाले. गावच्या घरावरून पप्पांचं आणि काकांचं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक, हे मी इथे लिहिणार नाही. पप्पा हे वाचतात. काका उधन्याला, आम्ही कोसाडला. मध्ये तापी नदी; लोकलने उत्राण, सुरत आणि तिसरं उधना. एवढ्या अंतरात अकरा वर्षं गेली. काकांच्या मुठी त्यांच्या घरी, आमच्या आमच्या घरी.

याच सुमारास मी सुरतच्या काँग्रेसबद्दल वाचत होतो. शाळेत 'सुरतेची फूट' एका मार्कासाठी पाठ केली होती, पण आपण ज्या गावात राहतो तिथे हे घडलं, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. काँग्रेस हाही लॅटिन शब्द: पावलं टाकत एका जागी येणं. डिसेंबर 1907 मध्ये हे एकत्र येणारे आपल्या सुरतेत जमले. अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं, ते इथे हलवलं. टिळक एका बाजूला, गोखले दुसऱ्या. टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, गोंधळ माजला, एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या, काठ्या, शेवटी पोलीस. दोन्ही गट पुन्हा एकत्र आले ते 1916 मध्ये, लखनौला. गोखले आणि मेहता दोघेही 1915 मध्येच गेले होते.

ती दोन सालं माझ्या डोक्यातून जाईनात. पप्पांची त्याच वर्षी अँजिओप्लास्टी झाली होती.

मी चुलतभावाला फोन केला. आमचं दोघांचं बोलणं चालू होतं, फक्त घरी सांगत नव्हतो. कानबाईला बोलावणं अशक्य होतं. कोण कोणाकडे जाणार? जो आधी बोलवेल तो वाकला. मग तोच म्हणाला, "दादा, आपण गेट-टुगेदर ठेवू."

मला हसूच आलं. पण विचार केला तर तो शब्द अगदी चपखल होता. यजमान नाही, म्हणजे कोणी वाकायला नको. कारण नाही, म्हणजे कारणावरून वाद नाही. अमरोलीत एक छोटा हॉल घेतला, सगळ्या चुलत-आते भावंडांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'फॅमिली गेट-टुगेदर, रविवार, अकरा वाजता.' पप्पांनी विचारलं, "कोणी ठेवलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, सगळ्यांचं आहे." ते काही बोलले नाहीत, पण रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला.

हॉलमध्ये दोघं समोरासमोरच्या भिंतींना खुर्च्या टाकून बसले. पोरांचे खेळ झाले, सेल्फी झाले. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, बुफे. पंगत असती तर कोण कोणाशेजारी बसणार हा प्रश्न आला असता, म्हणून मुद्दाम बुफे. दोघं ताटं घेऊन रांगेत एकामागे एक आले तेव्हा मी आणि चुलतभाऊ, दोघंही मोबाईलमध्ये बघत असल्याचं नाटक करत होतो.

काकांनी पप्पांच्या ताटात ठेचा वाढला. मग भाकरीकडे बघत अहिराणीत विचारलं, की हल्ली रोटांना किती मुठी घेता.

पप्पा म्हणाले, "तुम्हा तिघांच्या धरूनच घेतो."