गरोदर बाई, मे महिन्याचं ऊन आणि एक तांब्या पाणी

पोस्ट मोठी आहे. पण घरात, शेजारी, भावकीत कुणी गरोदर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या नांदेड-लातूरकडं 'ऊन लागलं' म्हणलं की उलटी, चक्कर, ताप एवढंच डोळ्यासमोर येतं. उन्हानं कातडी भाजते, याला आपण आजार मानतच नाही. 'रापली' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. गोऱ्या कातडीवर लाली तरी दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ती सहज दिसत नाही. कातडी काळवंडते, हात लावला तर गरम लागते, चुरचुरते आणि चार दिवसांनी सालपटं निघतात. त्यात गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येतात, म्हणून भाजलेलंही त्यातच खपून जातं.

२०१६ चा उन्हाळा मी लातुरात काढला, सातव्या महिन्यात. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्येच पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. पण आमच्या गल्लीतला टँकर काही त्यामुळं सकाळी यायला लागला नाही. तो यायचा अकरा ते दोनच्या मध्ये कधीतरी, आणि घागरींच्या रांगेत असायच्या बायाच. नवरा ड्युटीवर, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मग रांगेत मी.

आठवड्याभरात मान आणि कोपरापासून खालचे दोन्ही हात भाजून निघाले. रात्री कूस बदलली तरी जळजळ. एका मेडिकलवाल्यानं काही न विचारता मलम आणि ठणक्याच्या गोळ्या बांधून दिल्या. नशीब की त्याच दिवशी आमच्या भागातल्या सिस्टर घरी आल्या. गोळीचं पाकीट उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, ही पोटातल्या लेकराला चालत नाही. मलमात पण स्टेरॉइड आहे, ते राहू द्या. तुम्हाला एक तांब्या पाणी आणि सुती पंचा लागतो."

सासूबाई पटकन बोलल्या, "अवो सिस्टर, तेच आणायला गेलती की ती!"

आम्ही तिघी हसलो. पण मराठवाड्यातल्या बाईचं दुखणं सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. जे औषध लागतं, तेच आणताना ती भाजते.

आता कामाचं सांगते.

उन्हानं कातडी भाजली तर आधी सावलीत या. माठातल्या साध्या गार पाण्यात सुती कापड भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा करा. बर्फ थेट लावू नका, त्यानं कातडीला आणखी इजा होते. गार झाल्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं साधं जेल चालतं. ताज्या भाजल्यावर तूप, तेल, टूथपेस्ट, हळद, झोंबणारा बाम यातलं काहीही नको. फोड आले तर फोडू नका. कपडे सैल आणि सुती घाला. पाणी, ताक, सरबत नेहमीपेक्षा जास्त प्या. बीपी किंवा साखरेचा त्रास असेल तर मीठ-साखर किती, ते डॉक्टरांना विचारा.

गोळीचं नीट लक्षात ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही नावं पाकिटावर असली तर गरोदर बाईनं ती गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२० मध्ये तसा इशाराच दिला. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल, तीही सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारून. आणि डाग जावेत म्हणून ट्रेटिनॉइन असलेलं गोरेपणाचं मलम तर अजिबात नको.

अंगावर मोठे फोड, ताप, थंडी, चक्कर, सारखी उलटी, लघवी कमी होणं, पोटात कळा, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर घरी पंचा ठेवत बसू नका. १०८ ला फोन करा.

इथपर्यंत घरातलं झालं. पुढचं घराच्या हातात नाही.

'उन्हात जाऊ नका' हा सल्ला फार सोपा आहे. तो पाळणार कोण? कंधार-मुखेडच्या तांड्यावरून ऊसतोडीला गेलेली बाई पोट पुढं आलं तरी फडात असते. औसा-निलंग्याकडं रानातलं काम बाईच्या रोजानं चालतं. नोकरदार बाईला कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रोजानं जाणारीला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. मजुरीच्या हिशेबानं ते किती दिवस पुरतात, तुम्हीच मोजा.

रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात उभी राहिली. पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्यात कामावर सावली, प्यायचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी असावी असं लिहिलं गेलं. आपल्या गावच्या कामावर सावलीचं कापड कधी ताणलेलं बघितलंय का? मी अजून बघितलेलं नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. गावातल्या आशाताईंकडं गरोदर बायांची यादी असतेच. मार्च ते जून त्या यादीतल्या घरी पाणी पोचवायची जबाबदारी ग्रामपंचायतीनं किंवा नगरपालिकेनं घ्यावी. टँकर दुपारी विहिरीत रिकामा करण्यापेक्षा सकाळी नऊच्या आत टाकीत भरावा, टाकीला नळ लावावेत आणि वर पत्रा टाकावा. रोजगार हमीचं काम उन्हाळ्यात सकाळी उरकावं. मेडिकलवाल्यांनी गोळी देताना एक प्रश्न विचारावा, "गरोदर कुणाला हवीय का?" यात कुठल्या वेगळ्या बजेटची वाट बघायची गरज नाही.

पुढच्या ग्रामसभेत हे चार मुद्दे लेखी द्या आणि पोच घ्या. बायांनीच द्या, कारण रांगेत आपणच असतो. आणि तोवर माठाजवळ एक तांब्या भरलेला आणि एक पंचा धुतलेला राहू द्या.