लागूं पडणें

औषध गुणकारी असणें निराळें आणि तें लागूं पडणें निराळें, हा भेद आपल्या भाषेनें फार पूर्वींच ओळखून ठेविला आहे. एकाच वैद्याची एकच पुडी. एकास तिनें उतार पडतो, दुसऱ्यावर तिची मात्रा चालत नाहीं. असें कां, म्हणून विचारलें तर आपण हातगुणाचें किंवा दैवाचें नांव घेऊन मोकळे होतों. तापाच्या बाबतींत हें उत्तर आतां कोणी ऐकून घेणार नाहीं. रक्ताचा थेंब तपासला कीं हिंवताप आहे कीं नाहीं हें आमच्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गांवींही कळतें. विषादाच्या रोगांत मात्र आपण अजून पुडीच्याच युगांत आहों.

हें आम्हांस प्रथम पुस्तकांवरून कळलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूस या रोगानें ग्रासलें. अरुणावतीच्या बाजूस त्याचें कपाशीचें शेत आहे. मनुष्य बोलका, भावाची घासाघीस करण्यांत पटाईत. तो दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडूं लागला. दारव्ह्यावरून त्यास यवतमाळास नेलें. डॉक्टरांनीं एक गोळी दिली व सहा आठवडे धीर धरण्यास सांगितलें. सहा आठवडे गेले, फरक नाहीं. मग दुसरी गोळी, व पुन्हां तितकीच वाट. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्याचें नांव देशभर झालें, असा हा आमचा जिल्हा. भावजयीनें फवारणीचें औषध घरांतून काढून आमच्याकडे आणून ठेविलें होतें, व रात्रीं दोनदां उठून ती दाराची कडी पाहत असे. दुसऱ्या गोळीच्या पांचव्या आठवड्यांत बंधूनें चहांत साखर कमी असल्याची तक्रार केली, तेव्हां ती आंत जाऊन रडली. नंतर तिनें आम्हांस विचारलें, "दादा, पहिली गोळी लागूं पडणार नाहीं हें रक्त तपासून आधीं कळलें नसतें काय?"

हा प्रश्न जगांतले मोठमोठे वैद्य कित्येक वर्षें विचारीत आहेत. शरीरांत विषादाची खूण शोधण्याची खटपट तर त्याहून जुनी. ग्रीकांनीं या रोगाचें नांवच काळ्या पित्तावरून ठेविलें. वर्गांत बर्टनच्या १६२१ सालच्या ग्रंथाचा विषय निघाला कीं मुलें त्या पित्तास हसतात. पण आपलीं औषधें तरी काय मोठ्या ज्ञानानें सांपडलीं? १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर क्षयाच्या रोग्यांस इप्रोनियाझिड दिलें, तों ते उल्हसित झालेले दिसले. पुढें स्वित्झर्लंडांत रोलंड कून यांनीं निराळ्याच मनोविकारासाठीं इमिप्रमीन वापरून पाहिलें. त्यास तें लागलें नाहीं, विषादास लागलें. किल्ल्या हातीं आल्या. कुलूप अंधारांतच राहिलें.

त्यामुळें कोणती किल्ली कोणास, हें करून पाहिल्यावांचून कळत नाहीं. अमेरिकेंत सुमारें ४००० रोग्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधानें पूर्ण बरे झालेले अवघे एकतृतीयांशाच्या आसपास. मग खुणांचा शोध जोरानें सुरू झाला. मेंदूचीं छायाचित्रें काढून हेलन मेबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, 'इन्सुला' नामक भागाच्या कमीअधिक चलनवलनावरून औषध बरें कीं संभाषणोपचार बरा, याचा अंदाज करतां येईल. २०१४ सालीं युरोपांतील एका अभ्यासांत असें दिसलें कीं, रक्तांतील सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन लिटरमागें १ मिलिग्रॅमहून कमी असेल तर एसिटॅलोप्राम अधिक उपयोगी, जास्त असेल तर नॉरट्रिप्टिलिन. यकृतांतील कांहीं जनुकांची तपासणीही निघाली आहे. पण ती औषध शरीरांत किती वेगानें झिजतें एवढेंच सांगते, मनास तें लागूं पडेल कीं नाहीं हें सांगत नाहीं. यांपैकीं एकही खूण डॉक्टरांच्या नित्याच्या व्यवहारांत भरंवशाची ठरलेली नाहीं.

याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, विषाद हें एका रोगाचें नांव नसून अनेकांचें आडनांव आहे. शिवाय त्याचीं कांहीं मुळें शरीराबाहेर असतात. कपाशीचा पडलेला भाव आणि सावकाराचा तगादा रक्ताच्या थेंबांत कसा दिसावा? गोव्यांत 'संगाथ' या संस्थेनें साध्या, वैद्यकी न शिकलेल्या माणसांस तयार करून विषादाच्या रोग्यांशीं नेमानें बोलावयास लाविलें. नुसत्या नेहमींच्या उपचारापेक्षां त्यानें बरे होणारे अधिक, असें २०१७ सालीं सिद्ध झालें. त्याच संस्थेनें आतां भोपाळकडे औषध कोणास द्यावें व संभाषण कोणास, हें आधीं सांगणारा नियम शोधण्याचें काम हातीं घेतलें आहे. हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा दिसतो. कारण त्यांत मनुष्याची हकीकतही खूण म्हणून मोजली जाते.

कोणी म्हणतील, मनाचें मोजमाप करणें हा अधिक्षेप आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसास 'मन घट्ट कर' म्हणणें हा त्याहून मोठा अधिक्षेप होय. भीति असलीच तर दुसरी आहे: उद्यां एखादा कागद 'यास कोणतेंच औषध लागणार नाहीं' असें म्हणेल, आणि घरचीं माणसें त्या कागदावर विश्वास ठेवून हात टेकतील. खुणेनें वाट दाखवावी, दार लावूं नये. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस रात्री. त्यांतल्या वीस जरी शास्त्रानें वांचविल्या, तरी या जिल्ह्यांतील घरें त्याचें ऋण विसरणार नाहींत. तोंपर्यंत उरलेल्या रात्रीं कोणी तरी उशाशीं बसलें पाहिजे, आणि त्या कामास प्रयोगशाळा लागत नाहीं.